राजपदकांचा छंद आणि जनतेचा हिशेब

युरोपीय राजघराण्यांची जुनी स्मृतिपदके जमविणे हा छंद वरकरणी निरुपद्रवी आहे. शिल्लक व फुरसत असणाऱ्याने काय जमवावे, हे इतरांनी सांगू नये. परंतु पिंपरी-चिंचवडसारख्या श्रमिकांच्या नगरीत तो जोपासला जातो, तेव्हा पदकाबरोबर त्याचा हिशेबही मांडला पाहिजे.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. त्यानिमित्त संस्थानिकांना सोन्याची पदके वाटली गेली. त्याच वेळी पुणे-सोलापूरकडील शेतकरी दुष्काळात होरपळत होता. १८९७ च्या हीरकमहोत्सवी पदकावर एका बाजूस वृद्ध राणी, दुसऱ्या बाजूस तरुण राणी आहे. प्लेगने ग्रासलेले व घरझडत्यांनी अपमानित झालेले पुणे कोणत्याच बाजूस नाही. त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जून १८९७ रोजी, गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गोळी झाडली. १८९८-९९ मध्ये तिघेही भाऊ फासावर गेले. ते सुधारणाविरोधी होते, हे लपवू नये. त्यांच्या मार्गाविषयीही मतभेद राहतील. पण जुलमाविषयीचा त्यांचा संताप निराधार नव्हता.

त्याआधी, १८८८ मध्ये, राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीस जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि जडजवाहिरांनी नटलेले पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी सुनावले. सोन्याच्या पदकांना याहून नेमके उत्तर नाही.

बाजारात पदकाची किंमत दुर्मिळता, धातू, सुस्थिती आणि राजाचे नाव यांवरून ठरते. ज्या शेतसाऱ्यावर ते साम्राज्य पोसले गेले, तो त्या किमतीत कोठेच दिसत नाही. बाजाराने वगळलेली ही बाब नोंदविणे हेच इतिहासाचे काम आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. म्हणजे मालकी खाजगी असली तरी वारसा सार्वजनिक आहे, हे तत्त्व देशाने मान्य केले.

म्हणून संग्राहकांनी पदके कपाटात न ठेवता दुष्काळ-प्लेगच्या हकीकतीसह चिंचवडमध्ये लोकांपुढे मांडावीत. आणि कामगार संघटनांनी त्यांच्याशेजारी आकुर्डी-चाकणच्या कामगाराचा जुना हजेरीचा बिल्ला ठेवावा. त्यावर राजाची छबी नसेल, केवळ एक क्रमांक असेल; पण ही नगरी त्या क्रमांकांनीच उभारली आहे.