यंत्र कुणाच्या खुर्चीवर, माणूस कुणाच्या गटारात?

सध्या जिकडे पाहावे तिकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे ‘एआय’चा उदोउदो चालला आहे. हे यंत्र पत्र लिहिते, भाषांतर करते, ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देते, संगणकाचा प्रोग्रामसुद्धा लिहून देते. प्रस्थापितांची वर्तमानपत्रे त्याचे कौतुक करून थकत नाहीत. नायगाव, परळ, लालबागच्या चाळीतून कर्ज काढून मुलांना पदवीपर्यंत नेणारे आपले आईबाप मात्र एकच गोष्ट विचारतात, ‘वकीलसाहेब, पोराच्या नोकरीचे काय?’

या प्रश्नाचे उत्तर केवळ संगणकतज्ज्ञांकडून मिळणार नाही. त्यासाठी गिरणगावचा इतिहास चाळावा लागेल आणि थोडा कायदाही वाचावा लागेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आंबेडकरी चळवळ यंत्राची शत्रू नाही. चरख्याचा आणि खेड्याकडे परत जाण्याचा उपदेश ज्यांनी केला, ते बाबासाहेब नव्हते. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्राचे दुष्परिणाम दिसतात तो दोष यंत्राचा नसून खासगी मालकी आणि नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या मेलेली ढोरे ओढली, तो यंत्राला का भिईल?

प्रश्न वेगळाच आहे. यंत्र कुठे आणायचे आणि कुठे आणायचे नाही, हे ठरवतो कोण?

१९२८ चा गिरण्यांचा संप आठवा. एप्रिल ते ऑक्टोबर असा सुमारे सहा महिने तो चालला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. त्या संपाच्या मुळाशी मालकांची ‘रॅशनलायझेशन’ची योजना होती. एका माणसाने दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवायचे आणि उरलेल्याने घरी जायचे. आजच्या एआयचा धंदाही नेमका हाच आहे, फक्त साच्याच्या जागी पडदा आला.

पण त्या संपाला आणखी एक बाजू होती, जी डाव्या पुढाऱ्यांच्या इतिहासात ओझरतीच येते. विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराचे तोंड लागलेला धोटा सवर्णाने तोंडाला कसा लावायचा? म्हणून आपली माणसे रिंग खात्यात, कमी पगारावर. लँकेशायरहून आलेल्या लोखंडी मागाला जात नव्हती, मुंबईच्या बंदरात उतरल्यावर त्याला जात चिकटली. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की अस्पृश्यांना साचेखाते खुले करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? बऱ्याच आग्रहानंतर ती मागणी यादीत आली. कामगारांची एकजूट मागणाऱ्यांना हा प्रश्न आधी का सुचला नव्हता, याचा विचार आजच्या कामगार पुढाऱ्यांनीही करावा.

पुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही मालकांना अनुकूल ठरलेला नियम उचलून धरला. फिनिक्स मिलमध्ये मॉल झाला, कमला मिलच्या आवारात काचेची कार्यालये आली. गिरणी कामगाराचा नातू त्याच जागी गळ्यात ओळखपत्र अडकवून डेटा भरू लागला किंवा फोनवर इंग्रजीत बोलू लागला. आता एआय येत आहे ते त्याच खुर्चीवर.

आपल्या समाजाच्या दृष्टीने ही खुर्ची म्हणजे काय होते? मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा द्यायची आणि सरकारी खात्यात लिपिक-टंकलेखक म्हणून लागायचे, ही हजारो बौद्ध कुटुंबांची पहिली पायरी होती. त्या एका पगारावर धाकटी भावंडे शिकली, विहारांच्या वर्गण्या गेल्या, चळवळीची पत्रके छापली गेली. आरक्षण होते म्हणून ती पायरी चढता आली. मग सरकारी भरती आटली आणि कंत्राटीकरण आले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा शासन निर्णयच काढला. विरोध झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. नंतर राहिले खासगी क्षेत्र, जिथे आरक्षण नाही. तिथली खालची पायरी आता यंत्र काढून घेणार. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसने १२ हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कारण एआय नव्हे, कौशल्याचा मेळ बसत नाही हे आहे, असे कंपनीने सांगितले. कारण काहीही असो, ज्याच्या घरात पहिलाच पगार येत होता त्याच्या मागे वडिलोपार्जित जमीन नाही आणि मामाची फॅक्टरीही नाही.

बरे, हे यंत्र सर्वज्ञ आहे म्हणावे तर तेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते! यंत्राने दिलेले उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नका, अशी समज न्यायालयाला द्यावी लागली. आम्हा वकिलांना यात नवल नाही. या यंत्राला खरेखोटे कळत नाही, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द बहुधा येतो एवढेच ते हिशेबाने मांडते. ती कंपनी उच्च न्यायालयात जाऊ शकली. कामावरून कुणाला काढायचे याची यादी उद्या यंत्राने केली, तर बदली कामगार दाद कुठे मागणार?

आणि बहुधा येणारा शब्द तरी कोणाचा? ज्यांनी हजारो वर्षे लिहिले त्यांचा. एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने २०२५ मध्ये चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-५ची परीक्षा घेतली. वाक्यातील रिकामी जागा ‘ब्राह्मण’ की ‘दलित’ या शब्दाने भरायची होती. बहुसंख्य वाक्यांत यंत्राने जुनाच साचा निवडला, हुशार माणूस ब्राह्मण आणि गटार साफ करणारा दलित. मनुस्मृती जाळली १९२७ साली, पण तिची नक्कल यंत्राच्या पोटात शाबूत आहे. अशा यंत्राने नोकरीचे अर्ज चाळायला घेतले तर आडनावाचे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. या यंत्राला सभ्य बोलायला शिकवतानाही घाण उपसायला माणसेच लागली. अत्याचाराची, बलात्काराची वर्णने वाचून बाजूला काढण्याचे काम केनियातील तरुणांकडून तासाला जेमतेम दीड-दोन डॉलरवर करून घेतले गेले, हे ‘टाइम’ नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले.

आता खरी गंमत पाहा. गंमत कसली, संताप यावा अशी गोष्ट आहे. यंत्र कविता करते, पण मॅनहोलमध्ये माणूसच उतरतो. यंत्र नाही म्हणून? मुळीच नाही. मैला शोषून घेणाऱ्या, पाण्याच्या दाबाने गटार मोकळे करणाऱ्या गाड्या कधीच्या निघाल्या आहेत. केरळात २०१८ पासून ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव मॅनहोल साफ करतो. २०१३ च्या कायद्याचे कलम ३३ तर सांगते की गटारे, सेप्टिक टँक यांच्या सफाईसाठी यंत्रसामग्री वापरणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्यच आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली, आणि २९ जानेवारी २०२५ ला मुंबईसह सहा महानगरांत माणूस गटारात उतरवण्यावर बंदीचा आदेश दिला. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे मरतच आहेत. यंत्र येते ते माणूस महाग पडतो तिथे. कंत्राटदाराच्या लेखी गटारात उतरणारा स्वस्त आहे, आणि त्याला स्वस्त केले ते जातीने.

म्हणून कायद्याचे दोन धागे आपण हाती धरले पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ती मालकधार्जिणी आहे यात शंका नाही. कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली आणि तीही कारखाने, खाणी, मळे यांपुरतीच, कार्यालयांना नाहीच. तरीही कलम ४० मध्ये जुन्या कायद्याचे कलम ९-अ टिकून आहे. ज्या तांत्रिक बदलामुळे कपात होण्याचा संभव आहे, तो करण्याआधी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. कारकुनी काम करणाराही ‘कामगार’ आहे. कंपनीने कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापले म्हणून तो मॅनेजर होत नाही, प्रत्यक्ष काम काय करतो हे न्यायालय पाहते. काढून टाकलेल्या प्रत्येकासाठी मालकाने १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आहे. १५ दिवसांत कोणते कौशल्य येते, हे संहिता लिहिणाऱ्यांनाच विचारावे, पण हक्क आहे तो सोडू नका. आणि मुख्य म्हणजे दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका. राजीनामा दिला की कपात झालीच नाही असे मालक म्हणतो, आणि मग नोटीसही गेली, भरपाईही गेली.

दुसरा धागा कलम ३३ चा. प्रत्येक विहाराच्या, प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्ड कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. या वॉर्डात मॅनहोल किती, सफाईची यंत्रे किती, चालू किती, बंद किती, गेल्या पाच वर्षांत माणूस किती वेळा उतरवला, कोणत्या कंत्राटदाराने उतरवला आणि त्याच्यावर गुन्हा नोंदला का? अर्जाची फी दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही लागत नाही.