एका पगारात दोन माणसं

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं कर्मचाऱ्यांपुढचं एक बोलणं देशभर गाजलं. आठवड्याला नव्वद तास काम करा, रविवारी तुम्हाला कामावर बोलावता येत नाही याची मला खंत वाटते, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, अशा अर्थाचं ते बोलले होते. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना सत्तर तासांचा सल्ला दिला होता. म्हणजे सव्वा वर्षात वीस तास वाढले! मग काय, मोबाइलवर विनोदांचा नुसता पाऊस. आमच्या भिशीतही हसून हसून पुरेवाट झाली. "अगं, बघू दे की जरा! लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून धड बघितलेलं नाही," असं एकीने म्हटलं आणि चहाचे कप हातात हिंदकळले.

हसणं झालं, पण हिशेब काही डोक्यातून जाईना. नव्वद तास म्हणजे रविवार धरूनसुद्धा रोजचे जवळजवळ तेरा तास. जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. मग त्या माणसाचा डबा कोण भरणार? गॅसचा नंबर कोण लावणार, पालकसभेला कोण जाणार, सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार? जो माणूस तेरा तास कंपनीला देतो, त्याच्या वाटचं घर दुसरं कुणीतरी ओढत असतं. पगाराच्या कागदावर नाव एकाचं आणि राबणारी माणसं दोन! कंपनीला एका पगारात दोन माणसं मिळतात, आणि दुसरीला ती ओळखतसुद्धा नाही.

हे मी हवेत बोलत नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, आणि पुरुष ८८ मिनिटं. पावणेपाच तासांहून जास्त विरुद्ध दीड तास. त्यातही गंमत बघा, ही ८८ मिनिटं घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. जे कपबशीही उचलत नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. आता बाई स्वतःच नोकरीला जात असेल तर? तिच्यामागे कुणी दुसरं माणूस नसतं. तीच पहिली आणि तीच दुसरी.

कुणी म्हणेल, हे सगळं पुण्या-मुंबईच्या काचेच्या ऑफिसातलं, आपल्या तालुक्याच्या गावाला काय त्याचं? मैत्रिणींनो, आपल्याकडे काच नाही एवढंच. माझा एक भाचा कर्जवाटप करणाऱ्या एका छोट्या फायनान्स कंपनीत आहे. सकाळी सातला गावोगावच्या बायकांच्या गटांची मीटिंग, मग दिवसभर मोटारसायकलवर हप्त्यांची वसुली, संध्याकाळी ब्रँचला येऊन हिशेब जुळवायचा. एवढं करून घरी येऊन ताटावर बसला की रात्री साडेनऊला वरच्या साहेबांचा फोन. तोही एकट्याला नाही, पंधरा-वीस जणांना एकदम. कुणाचं टार्गेट किती राहिलं हे सगळ्यांसमोर विचारतात. पोरगा एका हाताने फोन कानाला लावतो आणि दुसऱ्या हाताने भात कालवतो. त्याची चार वर्षांची लेक दारामागून बघत असते, बाबाला कोण रागावतंय म्हणून. आपल्यातल्या कितीतरी जणी अशा गटांत आहेत. दारात हप्त्यासाठी आलेला पोरगा तिखट बोलतो तेव्हा आपल्याला त्याचा संताप येतो, आणि तो यायलाच हवा. पण त्याच्याही पाठीवर कुणीतरी बसलेलं असतं.

खासगी हॉस्पिटलातल्या सिस्टरचं तर विचारूच नका. बारा-बारा तासांची ड्युटी, आणि बदली आली नाही तर पुढचीही तिनेच करायची. इथे नुसता तिच्या दमण्याचा प्रश्न नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की सतरा-अठरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखं चालतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याने ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. प्यालेल्या माणसाच्या हातून आपण सलाइन लावून घेऊ का? मग दोन ड्युट्या ओढणाऱ्या पोरीच्या हातून रोज घेतोच की. ती चुकली तर नाव तिचं निघतं, ड्युटी लावणाऱ्याचं निघत नाही.

आणि एक जागा आपल्या अगदी रोजच्या पाहण्यातली, साडीचं दुकान. सकाळी दहाला आलेली मुलगी रात्री नऊपर्यंत उभी. लग्नसराईत आणि दिवाळीत त्याहूनही जास्त. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण 'बसलेली माणसं दिसली की धंदा बसतो' असं मालकांचं शास्त्र. पायाच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात. बऱ्याच दुकानांत बायकांसाठी संडास-बाथरूमची सोय नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ आणि डॉक्टरचं बिल. ते बिलही त्यांच्याच पगारातून. रात्री साडेआठला दुकानात शिरून पंचवीस साड्या उलगडायला लावणाऱ्या आणि 'उद्या यांना घेऊन येते' म्हणून निघणाऱ्या बायकांनी एकदा काउंटरखाली वाकून त्या मुलींचे पाय बघावेत.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं. "नोकऱ्या आहेत कुठे? हिने सोडली तर दहा जणी रांगेत." खरं आहे, नाकारत नाही. पण रांग आहे म्हणून तास कितीही वाढवता येतात, हे उत्तर आजचं नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनीही हेच धरून ठेवलं होतं.

रविवारची सुट्टी आपल्याला पंचांगाइतकी जुनी वाटते, पण ती कुणी दानात दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्यास्ताला बंद, आणि महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. एवढं साधं मिळायला सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. जरा डोळ्यांपुढे आणा, १८९० साल, समोर दहा हजारांचा जमाव, आणि गिरणीत राबणारी बाई बोलते आहे. त्यानंतर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. रविवारच का, तर तो आपल्या खंडोबाचा वार, असंही लोखंडे सांगत, असं म्हणतात. तो वार आता मोबाइलवरच्या एका मेसेजने परत जातो. 'उद्या थोडं येऊन जा,' एवढंच लिहिलेलं असतं.

बरं, जास्त तास राबवून मालकाचं तरी भलं होतं का? पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो बायका कामाला होत्या. त्यांचे तास आणि तयार झालेला माल, दोन्हींच्या नोंदी सरकारने ठेवल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी त्या नोंदी २०१४ मध्ये पुन्हा तपासल्या. आठवड्याला पन्नास तासांच्या आसपास गेलं की तासामागचं काम घसरायला लागतं. सत्तर तास राबवलं तरी माल निघायचा तो साधारण छप्पन्न तासांइतकाच. वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात! आणि रविवारची सुट्टी काढून घेतली की त्याचाही फटका मालालाच बसायचा. म्हणजे लोखंड्यांची मागणी नुसती दयेची नव्हती, ती हिशेबालाही धरून होती.

तब्येतीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मिळून सांगितलं, की आठवड्याला पंचावन्न किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आमच्या आळीत चाळिशीच्या आत अँजिओप्लास्टी झालेली माणसं आहेत. प्रत्येकाच्या बाबतीत कामच कारण होतं असं मी डॉक्टर नसताना कशाला म्हणू? पण त्यांच्या बायकांना विचारलं तर त्या पहिल्यांदा 'हे किती वाजता घरी यायचे' तेच सांगतात.

२०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीतली सव्वीस वर्षांची मुलगी गेली. नुकतीच सीए झालेली, मार्चमध्ये कामाला लागली आणि जुलैमध्ये संपली. कामाचा ताण कारण होता हे कंपनीने मान्य केलं नाही. पण तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सगळ्या देशाने वाचलं. आईवडील तिच्या पदवीदान समारंभाला केरळहून मुद्दाम आले होते. तो रविवार होता. त्या दिवशीही पोरगी दुपारपर्यंत घरून काम करत होती, आणि स्वतःच्याच समारंभाला उशिरा पोचली.

म्हणून मला राग येतो तो आपल्या एका सवयीचा. 'आमचा मुलगा इतका बिझी, रात्री अकराशिवाय घरी येत नाही' हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. मुलगी बघायला आले की पॅकेज किती, फ्लॅट कुठे, गाडी कुठली, सगळं विचारून होतं. मुलगा घरी किती वाजता येतो, हे कुणी विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी फोन बंद ठेवता येतो का, मूल झाल्यावर मुलीने नोकरी केली तर संध्याकाळी सातला घरात कोण असेल, हेही नाही. मी तर म्हणते, कांदेपोह्यांच्या वेळीच विचारा. बैठकीतली माणसं थोडी चपापतील, चपापू देत. माझ्या एका मैत्रिणीने लेकीसाठी विचारलं होतं. मुलाची आईच पटकन म्हणाली, "बरं झालं तुम्ही विचारलंत. मी रोज विचारते, मला सांगत नाही."

सरकारदरबारी वारं उलट्या दिशेचं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांत नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीसच, जादा कामाला दुप्पट दर आणि कामगाराची लेखी संमती, असं त्यात म्हटलं आहे. कागदावर ठीक. पण जिथे आल्यागेल्याची वहीच नाही तिथे जादा तास मोजणार कोण? आणि मालकाने पुढे केलेल्या कागदावर 'नाही' लिहिणारी मुलगी दुसऱ्या दिवशी कामावर असेल का? आमच्या पेठेत वीस माणसांची दुकानं बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांत मालक म्हणेल तो कायदा. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातातलं एक सांगते. कामाला जाणाऱ्या लेकीला, सुनेला एक छोटी वही घेऊन द्या. आलेली वेळ, गेलेली वेळ, रोज दोन आकडे. महिनाअखेर बेरीज करा. पगाराला त्या तासांनी भागा. आमच्याकडच्या एका मुलीने असं केलं तर तासाला एकोणतीस रुपये निघाले. आकडा हातात असला की मालकाशी बोलताना जीभ अडखळत नाही. आणि एकटीने जाऊ नका, चौघींनी मिळून जा.

केरळमध्ये कोळिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी अशीच एकत्र येऊन बसण्याची मागणी केली होती. त्यांच्या पुढारी विजी पेनकूट्टू, स्वतः शिलाईकाम करणाऱ्या. कित्येक वर्षं लढल्यावर २०१८ मध्ये केरळ सरकारने कायदा बदलला आणि दुकानातल्या माणसांना बसायला जागा देणं बंधनकारक केलं. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं.

आमच्या पेठेतल्या एका साडीच्या दुकानात गेल्या दिवाळीनंतर काउंटरमागे चार स्टुलं आली. कायद्याने नाही आली. मालकाची आई गल्ल्यावर बसते, तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिनेच आणवली. सुरुवातीचे आठ दिवस एकही मुलगी बसेना, मालक समोर असला की नुसत्या स्टुलाला टेकायच्या. मग म्हातारी ओरडली, "बसा गं, शोभेला नाही आणली." आता दुपारी तीनच्या सुमाराला गेलं की दोघीतिघी बसलेल्या दिसतात. गिऱ्हाईक आलं की उठतात, साड्या काढतात, घड्या घालतात, पुन्हा बसतात. विक्री कमी झाली असं काही म्हातारीच्या तोंडून ऐकलं नाही, आणि ती गल्ला रोज दोनदा मोजते.