थ्री-आय/ॲटलास: २० किमीचा धूमकेतू ५.६ किमीवर कसा आला?

१ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून आलेला एक धूमकेतू दिसला. लगेच '२० किमीचा महाकाय पाहुणा' असे मेसेज फिरू लागले. ऑगस्टमध्ये हबल दुर्बिणीच्या फोटोंवरून नवा आकडा आला: केंद्रकाचा व्यास जास्तीत जास्त ५.६ किमी. व्यासात साडेतीन पट फरक, म्हणजे घनफळात जवळपास ४५ पट! मग आधी कोणी फेकाफेक केली होती का? मला तसं वाटत नाही. गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे.

धुक्यात रस्त्यावरच्या दिव्याचा मोबाइलवर फोटो काढून बघा. मोठा पांढरा गोळा दिसेल, पण त्यातला बल्ब केवढासा! धूमकेतूचंही तसंच. मधलं केंद्रक म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा, आणि त्याच्याभोवती धूळ-वायूचं धुकं, म्हणजे कोमा. २० किमीचा आकडा 'सगळा प्रकाश केंद्रकाचाच' असं धरून आला होता. म्हणजे ती फक्त वरची मर्यादा होती.

हबलने फोटो घेतले तेव्हा धूमकेतू सुमारे ४४.५ कोटी किमी दूर होता. एवढ्या अंतरावर हबलचा एक पिक्सेल म्हणजे ८० किमीहून जास्त! झूम करून केंद्रक दिसणं शक्यच नाही. म्हणून शास्त्रज्ञ कोमाचा प्रकाश बाहेरून मध्याकडे कसा वाढत जातो, त्याचं गणित मांडतात आणि तो एकूण प्रकाशातून वजा करतात. मध्यभागी जो उरेल, तो केंद्रकाचा.

तरी एक पेच राहतोच. लहान पण चकचकीत गोळा आणि मोठा पण काळाकुट्ट गोळा लांबून सारखेच तेजस्वी दिसतात. १९८६ मध्ये जोत्तो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं, तेव्हा त्याचं केंद्रक फक्त ४ टक्के प्रकाश परत फेकतं, म्हणजे कोळशासारखं काळं आहे, हे कळलं. ५.६ किमी हा आकडाही ४ टक्के धरूनच काढलाय. समजा हे प्रमाण १६ टक्के निघालं, तर व्यास थेट निम्मा होईल.

म्हणून धूमकेतूच्या आकाराची बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी बघा: आकडा केंद्रकाचा आहे की कोमाचा? आणि 'इतका आहे' म्हटलंय की 'जास्तीत जास्त इतका'? त्या 'जास्तीत जास्त'मध्येच खरी बातमी असते, आणि फॉरवर्डमध्ये नेमके तेच दोन शब्द गळतात.