गोठ्यातून गावात

अमका परदेशी गेला असे ऐकले, की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती, रुंद रस्ते आणि मोटारींच्या रांगा उभ्या राहतात. परदेशातही खेडी असतात, तेथेही पहाटे कोंबडा आरवतो आणि अंगणात शेणाचा वास दरवळतो, ही गोष्ट आपल्या ध्यानातच येत नाही. बालमित्रांनो, आपल्याच देशातील हजारो कुटुंबे एका खेड्यातून निघाली आणि थेट परदेशातील दुसऱ्या खेड्यात जाऊन राहिली. त्यांच्याविषयी आज मला थोडे लिहावयाचे आहे; कारण त्यांच्या मुलांना न्याय मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इटलीच्या उत्तर भागात पो नावाची नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत जाते. तिचे खोरे विस्तीर्ण, सपाट आणि सुपीक आहे. हिवाळ्यात तेथे असे दाट धुके पडते, की चार पावलांवरचे झाडही दिसेनासे होते. या खोऱ्यात शेकडो गोठे आहेत. गाईंना रविवार ठाऊक नसतो आणि सणवारही ठाऊक नसतात. पहाट होण्यापूर्वी एकदा आणि तिसऱ्या प्रहरी एकदा, असे दिवसातून दोनदा त्यांचे दूध काढावेच लागते. इटलीतील तरुणांना हे काम नकोसे झाले. ते कारखान्यांत गेले, शहरांत गेले. नेमक्या त्याच वेळी, म्हणजे 1980 नंतरच्या काळात, पंजाबातून, विशेषतः दोआबातून, माणसे तेथे येऊ लागली. गुराढोरांत वाढलेल्या या माणसांना गाय समजून घेण्यासाठी इटालियन भाषा यावी लागली नाही.

या दुधाचे पुढे काय होते, तेही ऐकण्याजोगे आहे. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना या भागांत त्यापासून पार्मिजानो रेज्जानो नावाचे चीज करतात. संध्याकाळचे दूध रात्रभर ठेवून सकाळी त्यावरची साय काढतात. मग त्यात सकाळचे दूध मिसळून ते तांब्याच्या मोठ्या हंड्यात तापवितात. सुमारे 550 लिटर दुधापासून 40 किलो वजनाची एक चक्की तयार होते. मिठाच्या पाण्यात मुरवून ती फळीवर ठेवतात आणि निदान बारा महिने तिला हात लावीत नाहीत, पालथी करण्यापुरता लावतात तेवढाच. त्यानंतर परीक्षक येतो, लहानशा हातोडीने तिच्यावर टकटक करून कान देऊन ऐकतो, आणि आवाज खणखणीत निघाला तरच तिच्यावर प्रदेशाची मुद्रा उमटते.

आरंभी पुरुष एकटेच गेले. काही वर्षांनी त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. मालक पुष्कळदा गोठ्याला लागूनच राहावयास घर देतो. पहाटे कामावर जाणाऱ्याला ही मोठीच सोय! पण ते घर गावापासून दूर, शेताच्या मध्यावर असते. ज्या बाईला मोटार चालविता येत नाही, ती तेथे दिवसचे दिवस कोणाशी चार शब्द न बोलता काढते. शिवाय नोकरी सुटली की त्याबरोबर डोक्यावरचे छप्परही सुटते. ही सोय कोणाची अधिक आहे, याचा विचार तुम्हीच करा.

मुलांचे मात्र निराळे असते. शाळेची बस त्यांना गावात नेते आणि काही महिन्यांतच ती त्या भाषेत भांडूसुद्धा लागतात. भाषा आली याची ती पक्की खूण, असे मी शिक्षकाच्या अनुभवावरून सांगतो. मग डॉक्टरकडे, कचेरीत, बँकेत आईवडील त्या मुलालाच दुभाष्या म्हणून बरोबर नेतात. लोक अशा मुलांचे मोठे कौतुक करतात. मला ते कौतुक पुरते पटत नाही. आईच्या दुखण्याची हकीकत दहा वर्षांच्या मुलीने परक्या डॉक्टरला समजावून सांगावी, हे ओझे तिच्या वयाचे नव्हे. आईवडिलांनी ती भाषा शिकलीच पाहिजे. आणि त्यांना शिकण्यास सवड व शिक्षक देणे हे त्या गावाचे काम आहे.

याचा अर्थ घरातील पंजाबी सोडावी असा मुळीच नाही. दोन भाषा बोलणारे मूल दोन्हीकडे कच्चे राहते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी मॉरिशसकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या लोकांचे वंशज आजही तेथील शाळांतून मराठी शिकतात, आणि म्हणून ते मॉरिशसचे कमी प्रतीचे नागरिक ठरलेले नाहीत. पो नदीच्या खोऱ्यातही नोवेल्लारा नावाच्या लहानशा गावी 2000 साली गुरुद्वारा उभा राहिला. त्याचे उद्घाटन युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांनी केले. वैशाखीच्या सुमारास तेथील रस्त्यांवरून मिरवणूक निघते, तेव्हा गावकरीही ती पाहावयास येतात आणि लंगरातील प्रसाद खातात.

सगळीकडेच असे सुखाचे चित्र नाही. रोमच्या दक्षिणेस लातिना जिल्ह्यात हजारो पंजाबी शेतमजूर भाजीपाल्याच्या शेतांत राबतात. अल्प मजुरीविरुद्ध त्यांनी 2016 साली संप केला होता. तेथेच 2024 च्या जून महिन्यात एका तरुण भारतीय मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या घरापाशी टाकून देण्यात आले आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. या घटनेने साऱ्या इटलीत संताप उसळला. श्रम हवेत पण श्रमणारा माणूस नको, ही वृत्ती किती थराला जाऊ शकते ते त्या दिवशी दिसले.

आता माझा मुख्य मुद्दा. इटलीच्या 1992 च्या कायद्याप्रमाणे, परदेशी आईबापांच्या पोटी तेथे जन्मलेले मूल जन्माने इटलीचे नागरिक होत नाही. ते तेथेच अखंड राहिले, तर अठरावे वर्ष पूर्ण झाल्यावर, एका वर्षाच्या आत, त्याला नागरिकत्व मागता येते. नागरिकत्व ही काही वाटेवर पडलेली वस्तू नव्हे, त्यासाठी धीर धरावाच लागतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच पोकळ नाही. जो माणूस प्रौढपणी आला, त्याने थांबावे हे मीही समजू शकतो. परंतु जी मुलगी त्याच गावात जन्मली, तेथील बालवाडीत गेली, तेथील कविता पाठ करून म्हणू लागली, ती कशासाठी थांबते आहे? तिच्या बापाने काढलेल्या दुधाच्या चक्कीवर बारा महिन्यांत त्या भूमीची मुद्रा उमटते. तिला मात्र अठरा वर्षे फळीवर बसावे लागते!

प्रौढ परदेशीयांसाठी असलेली दहा वर्षांच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवर आणावी, म्हणून 8 व 9 जून 2025 रोजी तेथे सार्वमत घेण्यात आले. आईबाप नागरिक झाले असते, तर त्यांच्याबरोबर राहणाऱ्या अज्ञान मुलांनाही तो हक्क लवकर मिळाला असता. निर्णय ग्राह्य धरण्यासाठी निम्म्याहून अधिक मतदारांनी मत देणे आवश्यक होते. सुमारे तीस टक्केच लोक मतदानास गेले. बाकीचे घरी बसून राहिले, आणि दहा वर्षांची अट होती तशीच राहिली.