एक फुली, तीन ओळी

परवा भाचा फुली-गोळ्याचा खेळ लिहून घेऊन आला. वरच्या कोपऱ्यात फुली मारली की खालच्या दोन्ही ओळींतही उमटायची! क्लासातल्या सरांनी "तुझं लॉजिक कच्चं" म्हणून वाटेला लावलेलं. लॉजिक कसलं डोंबलाचं? त्याने लिहिलं होतं, अ‍ॅरे(३).फिल(अ‍ॅरे(३).फिल('')). आतला अ‍ॅरे एकदाच बनतो आणि फिल तोच तिन्ही जागी ठेवतं. ओळी तीन नाहीतच, एकाच घराच्या तीन किल्ल्या आहेत.

गंमत म्हणजे आतलं फिल बिनबोभाट चालतं, कारण स्ट्रिंग बदलता येत नाही, तिच्या जागी दुसरी ठेवावी लागते. मग पोराला बाहेरच्याचा संशय यावा कसा? पायथनमध्येही यादीला ३ ने गुणलं की हाच घोळ. आणि आम्ही शिकवतो काय, तर 'व्हेरिएबल म्हणजे डबा'! डबा म्हणायचं, हातात किल्ली द्यायची, वर "डॉक्युमेंटेशन वाच" म्हणून माज करायचा.

अ‍ॅरे.फ्रॉमला फंक्शन दिलं, ते दर ओळीला नव्याने चालतं. दोन मिनिटांत खेळ सुरू.

ताई, वाचत असशील तर त्याला क्लासवरून पुन्हा रागावू नकोस.