बशीतलं हृदय निघालं अंतराळात

दोस्तांनो, एक गंमत करून पाहा. अंक क्षणभर बाजूला ठेवा. डावा हात खाली लोंबकळत सोडा आणि उजवा सरळ डोक्यावर धरा. मनातल्या मनात साठपर्यंत मोजा. आता दोन्ही हात पटकन समोर आणा. पाहिलंत? डाव्या हाताच्या शिरा टरारून फुगल्यात आणि उजव्याच्या जवळजवळ गायब!

रक्त तेच, हृदय तेच. फरक केला गुरुत्वाकर्षणाने. ते रक्ताला सारखं पायांकडे ओढतं आणि तुमच्या मुठीएवढं हृदय ते डोक्यापर्यंत चढवत राहतं. जन्मभर, बिनसुट्टीचं काम!

मग हृदयाला सुट्टी दिली तर? तशी सुट्टी अंतराळवीरांच्या हृदयाला मिळते. स्कॉट केली हा अमेरिकन अंतराळवीर २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिला. आठवड्यातले सहा दिवस व्यायाम करायचा, बरं का! तरीही त्याच्या हृदयाचा सगळ्यांत कष्टाळू भाग, म्हणजे डावा खालचा कप्पा, वजनाने २७ टक्के घटला. हृदय काम चोख करत होतं, पण झालं होतं लहान. न वापरलेला स्नायू बारीक होतो, तसंच हे.

(तिथे गुरुत्वाकर्षणच नसतं असं मात्र परीक्षेत लिहू नका. ४०० किलोमीटर उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक पृथ्वीभोवती फिरताना सतत तिच्याकडे पडत असतं. सोबत आतली माणसंही पडतात, म्हणून त्यांना वजन जाणवत नाही.)

आता खरी मेख इथे आहे. हृदय बारीक झालं ते काम कमी पडलं म्हणून, की हृदयाच्या एकेका पेशीलाही वजन गेल्याचं ‘कळतं’? हे पाहायचं तर पेशी शरीराबाहेर काढून वर पाठवायला हव्यात. पण जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा मागणार कुणाकडे?

वाट दाखवली जपानच्या शिन्या यामानाका यांनी. त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना जणू त्यांचं बालपण परत दिलं. अशी ‘लहान’ झालेली पेशी पुढे हवी ती घडवता येते. हृदयाची घडवली, तर काचेच्या बशीत ती आपोआप धडधडू लागते! ना मेंदूचा हुकूम, ना रक्ताचा पुरवठा.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिघांच्या रक्तापासून अशा हृदयपेशी बनवल्या आणि जुलै २०१६ मध्ये स्थानकावर पाठवल्या. तिथे केट रुबिन्स या अंतराळवीर बाईंनी त्या सांभाळल्या. साडेपाच आठवड्यांनंतरही पेशी दिसायला ठीकठाक होत्या, ठोकेही पडत होते. पण आत डोकावलं तर अंतराळातल्या, परत आलेल्या आणि जमिनीवरच राहिलेल्या पेशींमध्ये मिळून २,६३५ जनुकांच्या कामात फरक सापडला! त्यांतली बरीच जनुकं तंतुकणिकांशी, म्हणजे पेशीच्या वीजघरांशी निगडित होती. परतल्यावर दहा दिवसांत पेशी बऱ्याच अंशी पूर्ववत झाल्या. पूर्णपणे मात्र नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मंडळींनी हृदयपेशींचे ४८ इवलेसे तुकडे बनवले आणि प्रत्येक तुकडा दोन खुंट्यांमध्ये दोरीसारखा ताणून बसवला. तुकडा आकसला की खुंटी हलणार आणि त्यावरून त्याचा जोर मोजता येणार. मार्च २०२० मध्ये हे सगळं बिऱ्हाड वर गेलं. जेसिका मीर आठवड्यातून एकदा त्यांचं ‘जेवण’, म्हणजे पोषक द्रव बदलत होत्या.

महिन्याभरात काय झालं? जमिनीवरच्या जुळ्या तुकड्यांच्या मानाने यांचा जोर जवळजवळ निम्म्यावर आला. ठोक्यांचा ताल बिघडला. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी कधी जवळजवळ पाचपट झालं! आकसणारे बारीक तंतू आखूड आणि अस्ताव्यस्त झाले. खाली आल्यावर ताल बहुतेक सुधारला.

म्हणजे शरीर सोबत नसतानाही पेशींवर परिणाम होतोच. अर्थात बशीतला तुकडा म्हणजे काही आख्खं हृदय नव्हे. व्यायाम करणाऱ्या माणसाचं इतकं बिघडत नाही.

पण मंगळाचा विचार करा. नुसतं जायलाच सहा-सात महिने. उतरल्यावर पुन्हा वजन, पृथ्वीच्या ३८ टक्के. सुस्तावलेल्या हृदयाने तेव्हा उभं राहायचं, चालायचं, आणि तिथे दवाखाना नाही की परतीची गाडी नाही. म्हणूनच हॉपकिन्सच्या मंडळींनी २०२३ मध्ये दुसरी तुकडी पाठवली. या पेशींना सांभाळणारं औषध सापडतं का, ते पाहायला.

आणि हो, जून-जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा त्यांनी बंगळूरच्या एका संस्थेचा स्नायूपेशींचा प्रयोग केला. ते स्नायू हातापायांचे, हृदयाचे नव्हेत. पण प्रश्न याच्याच शेजारचा होता.