विकलेल्या खेळाला कुलूप कशाला?

आमच्या सोलापुरात चाटी गल्लीतल्या दुकानातून तुम्ही एक चादर विकत घेतलीत, रोख पैसे मोजलेत, आणि दहा वर्षांनी ऐन थंडीत मध्यरात्री तो दुकानदार घरात शिरून तुमच्या अंगावरची चादर ओढू लागला, तर तुम्ही काय कराल? “या नक्षीची चादर आम्ही आता विणत नाही, सबब जुनीही पांघरता येणार नाही,” असे वर शांतपणे सांगू लागला तर? सारी पेठ गोळा होईल आणि त्याची वाजतगाजत बोळवण करील! पण हाच उद्योग जगातल्या बड्या बड्या खेळ-कंपन्या राजरोस करीत आहेत, आणि आपण शहाणी माणसे “कंपनीचा नियमच आहे” म्हणून मान डोलवीत आहोत.

ज्या घरात पोरे नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. टीव्हीला जोडून खेळ खेळायच्या पेटीला कन्सोल म्हणतात. ती इंटरनेटला जोडली की सोलापूरचा मुलगा सातासमुद्रापलीकडच्या मुलाशी खेळू शकतो. या दोघांची गाठ घालून देतो तो कंपनीचा सर्व्हर. हे एक प्रकारचे वधूवरसूचक मंडळच म्हणा ना! पुष्कळ खेळांत ओळख करून दिली की मंडळाचे काम संपते. पुढचा संसार दोन्ही पेट्या आपसांत करतात. पण एके दिवशी कंपनी मंडळाला टाळे ठोकते, आणि जगभरच्या पेट्या एकमेकींना मुक्या होतात.

माझ्याच घरची हकिकत सांगतो. माझी बहीण अमेरिकेत असते. तिचा मुलगा आणि माझा मुलगा हे आतेमामेभाऊ दर रविवारी सकाळी (तिकडे शनिवारची रात्र) विमानांच्या झुंजीचा एक खेळ खेळत. बहीण भाऊबीजेला येऊ शकत नसे. पण दोन पोरांचा आरडाओरडा ऐकला की मला ती माजघरात बसल्यासारखी वाटे. एका रविवारी पडद्यावर दोन ओळी उमटल्या: सेवा समाप्त. खेळाची तबकडी कपाटात, पेटी धडधाकट, आणि आमची भाऊबीज मात्र बंद! काही महिन्यांनी भाच्याने फोनवरून चार आकडे सांगितले. पोराने ते पेटीत भरले आणि विमाने पुन्हा उडाली. ही करामत कोण्या अनोळखी खेळाडूंची होती. त्यांनी स्वतःच्या खर्चाने नवा सर्व्हर उभारला होता.

ही जादू नव्हे, खटपट आहे. पेटी चालू झाली की ठराविक पत्त्यावर हाक घालते. जुना सर्व्हर जिवंत असताना त्या हाकेला कोणते उत्तर येते, हे जाणकार टिपून ठेवतात. पुढे तीच उत्तरे देणारा नवा प्रोग्रॅम स्वतः लिहितात, आणि पेटीला सांगतात, “बाई, आता त्या पत्त्यावर नको, या पत्त्यावर जा.” निन्टेन्डोने २० मे २०१४ रोजी ‘वी’ आणि ‘डीएस’ या यंत्रांची सेवा बंद केली, त्याच महिन्यात चाहत्यांनी ‘वीमफी’ नावाची पर्यायी सेवा उभी केली. मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सची सेवा १५ एप्रिल २०१० रोजी मिटवली. तेव्हा ‘हेलो २’च्या काही खेळाडूंनी आपल्या पेट्या बंदच केल्या नाहीत; नंदादीप जपावा तसा त्यांनी तो खेळ मे महिन्यापर्यंत तेवत ठेवला. २०२२ साली ‘इन्सिग्निया’ नावाच्या सेवेने त्या एक्सबॉक्सला पुन्हा वाचा दिली.

या लोकांना चोर म्हणणारे आहेत. मी त्यांना जीर्णोद्धार करणारे म्हणतो. आमच्या पूर्व भागात जुने माग आहेत. त्यांचा सुटा भाग मोडला आणि मूळ कारखाना तो देईनासा झाला, तर मिस्त्री तो जागच्या जागी घडवतो आणि धोटा पुन्हा धावू लागतो. त्या मिस्त्रीवर खटला भरा, असे म्हणायला अजून कोणी धजावलेले नाही!

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, खेळणारे कमी होतात, निनावी सर्व्हरवर लबाडही शिरतात. हे सारे कबूल. म्हणून दुकान बंद करा. पण गिऱ्हाइकाच्या घराला कुलूप लावू नका! यूबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या २०१४ सालच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि एकट्याने खेळायचीही सोय उरली नाही. त्यातूनच रॉस स्कॉट याने खेळ मारू नका, अशी चळवळ उभारली. २०२५ च्या जुलैत युरोपातल्या तिच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या. अमेरिकेत २०१५ साली बंद सर्व्हरच्या खेळांना सवलत मिळाली खरी. पण ती घरच्या घरी खेळण्यापुरती. दूरच्या भावाशी खेळायचे तर सवलत नाही! म्हणजे फराळाला या, पण शेजारपाजारच्यांनीच!

आपल्याकडे काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात एक पोटकलम आहे. प्रोग्रॅम ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याने स्वतंत्रपणे रचलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी त्याचा मेळ बसविण्यासाठी लागणारी माहिती, ती सहजी मिळत नसेल तर, शोधून काढणे हा गुन्हा नव्हे, असे ते सांगते. कंपनीचा प्रोग्रॅम उचलून वाटण्याची मुभा त्यात नाही, आणि मी ती मागतही नाही. पण असे कलम असताना आपल्या पोरांनी मान खाली घालण्याचे कारण नाही.

“अहो मास्तर, खेळच तो! एवढे काय?” असे कोणी म्हणेल. आज खेळ आहे. उद्या विकत घेतलेले पुस्तक आणि गाणे याच वाटेने जाईल. ‘विकत घेतले’ या शब्दाचा अर्थ पोरांना शिकवणारा मी माणूस; तो अर्थ कंपनीच्या करारातल्या बारीक अक्षरांनी बदलावा, हे मला मान्य नाही.

माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. औषधाच्या पाकिटावर असते तशी सेवेची शेवटची तारीख खेळाच्या वेष्टनावर छापा. सेवा बंद करताना, पेट्यांनी आपसांत बोलावे कसे, ते सांगून जा. आणि हेही करणार नसाल, तर जे स्वतः खपून ते शोधतात त्यांच्या वाटेत उभे राहू नका.

यंदाही भाऊबीजेला बहीण येणार नाही. सकाळी पोरे विमाने उडवतील, ती कोणा परक्याने उभारलेल्या सर्व्हरवर. त्या परक्याचे नाव मला ठाऊक नाही. ओवाळणीच्या ताटात एक सुपारी त्याच्या नावाची ठेवायला मी घरी सांगितले आहे.